वायू आहे, पण येत नाही

मागच्या अंकात मी ओझरतं लिहून गेले होते, की माझ्या नोकरीची शेवटची बारा वर्षं ‘टाइट गॅस’मध्ये गेली. म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूमध्ये. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

पेपरात अधूनमधून बातमी येते, की अमुक ठिकाणी जमिनीखाली वायूचा प्रचंड साठा सापडला. मग पुढे काहीच कानावर येत नाही. आपण तर जवळपास निम्मा वायू बाहेरून आणतो. हे साठे जातात कुठे?
– एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर

सर, साठे जात नाहीत. ते दगडातच राहतात.

जमिनीखाली मोठी पोकळी आहे आणि तीत वायू भरलेला आहे, असं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असतं. तशी पोकळी नसते. वायू असतो वाळूच्या कणांमधल्या बारीक फटींत. दगडात फटी किती आहेत, ही झाली सच्छिद्रता. त्या फटी एकमेकींना किती जोडलेल्या आहेत, ही झाली पार्यता. बातमीतला आकडा पहिल्या गोष्टीवरून काढलेला असतो. विहिरीतून काय येणार, हे दुसरी गोष्ट ठरवते.

लिहिते आहे त्या टेबलावर माझ्यासमोर दोन दगड आहेत. एक कामठीचा वालुकाश्म, तांबूस पिवळा, हाताला खरखरीत. दुसरा बोटभर लांबीचा राखाडी कोअरचा, म्हणजे विहीर खणताना कापून वर काढलेल्या दगडी दांड्याचा, तुकडा. तो सुमारे तीन किलोमीटर खोलीवरून आलेला आहे. तपासणी होऊन टाकून द्यायच्या पेटीत पडलेला होता, तो प्रयोगशाळेतल्या मुलांनी मला निवृत्तीच्या दिवशी रुमालात बांधून दिला. कामठीच्या दगडावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच पिऊन टाकतो. कोअरवर थेंब मण्यासारखा उभा राहतो. माझा चहा संपतो, तरी तो तिथेच असतो.

दोन्ही दगड वाळूचेच. पण दुसरा खूप खोल गाडला गेला. दाबानं कण एकमेकांत रुतले, गरम पाण्यातून आलेली सिलिका त्यांच्यावर चढली, आणि उरलेल्या जागेत इलाइट नावाच्या मातीच्या खनिजाचे केसासारखे तंतू वाढले. फट राहिली, तिचं तोंड मात्र बुजलं.

पार्यतेचं माप आहे डार्सी. आंरी डार्सी हा फ्रान्समधल्या दीजों शहराला पाणी पुरवणारा अभियंता. वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून त्यानं प्रवाहाचा नियम शोधला आणि १८५६ साली छापला. पाण्याच्या गाळण्यांसाठी काढलेला तो नियम पुढे साऱ्या तेल-वायू उद्योगाचा पाया झाला. डार्सीचा हजारावा भाग म्हणजे मिलिडार्सी. चांगल्या वायुक्षेत्रातला दगड शंभर मिलिडार्सीचाही असतो. ०.१ मिलिडार्सीच्या खाली गेला की त्याला आम्ही टाइट म्हणतो, आणि ०.०१ चे दगड तर आमच्या रोजच्या कामातले. शंभर आणि ०.०१ यांत दहा हजार पटींचा फरक आहे. म्हणजे चांगल्या दगडातून एका दिवसात येणारा वायू, बाकी सगळं तेच असताना, या दगडातून यायला दहा हजार दिवस लागतील. सत्तावीस वर्षं.

या आकड्यानं मला स्वतःला एकदा चांगलंच शिकवलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विहिरीचा कोअर माझ्याकडे आला. मी तो भट्टीत वाळवला, त्यातून वायू सोडून पार्यता मोजली आणि अहवाल दिला. आकडा बरा होता. त्या भरवशावर विहीर उत्पादनासाठी तयार केली, आणि ती जवळजवळ काहीच देईना. चूक माझ्या मोजणीत होती. दगड खाली होता तेव्हा त्याच्यावर तीन किलोमीटर खडकाचं ओझं होतं आणि त्याच्या फटींत पाणीही होतं. वर आणून वाळवल्यावर त्याच्या बारीक चिरा सैल झाल्या होत्या. घट्ट दगडात या दोन गोष्टींनी आकडा दहा-दहा पटींनीसुद्धा फसवतो. त्यानंतर प्रत्येक कोअर मी खालच्याइतका दाब देऊनच मोजला, आणि हाताखालच्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली.

म्हणून सर, पुढच्या वेळी ‘इतके अब्ज घनमीटर’ वाचाल तेव्हा बातमीत आणखी दोन आकडे शोधा : एक विहीर दिवसाला किती देते, आणि वर्षभरानंतर किती देते. चांगल्या वायुक्षेत्रातून साठ्याचा ऐंशी टक्के भागसुद्धा बाहेर येतो. शेलसारख्या, म्हणजे बारीक चिखलाचा दगड झालेल्या, अतिघट्ट खडकातून पाव भाग आला तरी पुष्कळ. शिवाय शेलच्या विहिरीचा प्रवाह पहिल्याच वर्षात साठ-सत्तर टक्क्यांनी घसरतो, आणि पुढे पातळ धार वर्षानुवर्षं चालत राहते. उत्पादन टिकवायचं तर नव्या विहिरी खणतच राहावं लागतं. हे दोन आकडे बातमीत नसतील, तर ती बातमी अजून अर्धीच आहे.

ताई, आमच्या वावरातल्या बोअरले पाणी कमी होतं. मशीनवाल्यानं बोअरमधी पाणी दाबून भरलं, अन् मंग धार वाढली. तुमचा गॅसही असाच काढतेत काय?
– एक शेतकरी, काटोल तालुका

हो भाऊ, मूळ युक्ती तीच. आलेल्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुमचा.

तुम्ही पाहिलं त्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं जलभंजन म्हणतात. कमी पाण्याच्या हातपंपांवर ती हे करत आली आहेत. बोअरमध्ये रबरी पॅकर फुगवून तोंड बंद करायचं आणि खाली जोरानं पाणी दाबायचं. काळ्या पाषाणातल्या जुन्या चिरांत माती बसलेली असते, ती धुऊन निघते. चिरा थोड्या लांबतात आणि शेजारच्या पाण्याच्या चिरेला जाऊन मिळतात.

आमच्याकडे फरक खोलीचा. तीन हजार मीटर खाली दर चौरस सेंटिमीटरवर सातशे किलोच्या आसपास ओझं असतं. तिथं दगड फोडला आणि पंप थांबवला, की चीर पुन्हा मिटते. म्हणून पाण्याबरोबर तिच्यात वाळू भरायची. जाड रव्याच्या दाण्याएवढी, गोल, सारख्या आकाराची. पंप थांबला की चीर त्या वाळूवर मिटायला बघते, पण वाळू तिला मिटू देत नाही. या वाळूला प्रॉपंट म्हणतात. फार खोलीवर साधी वाळू चिरडून तिचं पीठ होतं, तिथं भाजलेल्या चिनीमातीचे मणी लागतात.

आता ही वाळू साध्या पाण्यात तळाशी बसणार. ती तरंगत न्यायची तर पाणी दाट हवं. त्यासाठी जगभर काय वापरतात ठाऊक आहे? गवार. आपण शेंगांची भाजी करतो तीच. तिच्या बियांची पूड पाण्यात घातली की पाणी चिकट होतं. त्यात बोरॉनचा क्षार पडला, सोनारांकडे असतो त्या टाकणखाराच्या जातीतला, की ते जेलीसारखं थरथरायला लागतं. वाळू आत पोचल्यावर ही जेली पुन्हा पातळ व्हायला हवी, नाहीतर तीच चीर बुजवेल. म्हणून तिला तोडणारं रसायन आधीच मिसळलेलं असतं. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, आणि त्यातली बहुतेक राजस्थानात. अमेरिकेत शेलची धूम होती तेव्हा गवारीचे भाव इतके भडकले, की मार्च २०१२ मध्ये तिचा वायदे व्यवहारच बंद करावा लागला. तिकडच्या तुमच्यासारख्याच शेतकऱ्यांनी त्या काळात घरं बांधली, ट्रॅक्टर घेतले.

यानं मिळतं काय, ते एका हिशेबात सांगते. आमच्या विहिरीचा व्यास सुमारे साडेआठ इंच. वायूचा थर वीस मीटर जाडीचा धरला, तर विहिरीच्या भिंतीचा दगडाला लागलेला भाग होतो साडेतेरा चौरस मीटर. माझ्या स्वयंपाकघराएवढा. आता विहिरीच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर लांब आणि थराएवढी उंच चीर पाडली. चिरेला दोन भिंती, म्हणजे चार हजार आणि चार हजार मिळून आठ हजार चौरस मीटर. दोन एकर! दगड तोच, तितकाच घट्ट. पण आता वायूला विहिरीपर्यंत रांगत यायचं नाही, जवळच्या चिरेपर्यंत पोचायचं आहे. खोलीवर चिरा बहुधा उभ्याच पडतात, म्हणून विहीर आडवी वळवून तिच्या लांबीवर अशा पुष्कळ चिरा पाडतात.

हे पहिल्यांदा केलं १९४७ साली, अमेरिकेत कॅन्ससच्या ह्यूगोटन क्षेत्रात. तेव्हा पाण्याऐवजी घट्ट केलेलं पेट्रोल वापरलं होतं, आणि पहिल्या प्रयोगाचा फारसा उपयोगही झाला नाही. १९४९ पासून तो धंदा म्हणून उभा राहिला. शेलमधून वायू परवडेल असा काढायला आणखी पन्नास वर्षं गेली. टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं बार्नेट नावाच्या शेलच्या थरावर जवळपास दोन दशकं पैसा ओतला. १९९७-९८ च्या सुमारास तिथल्या अभियंत्यांनी दाट जेली सोडून जवळजवळ साधं पाणी वापरून पाहिलं, आणि ते जमलं.

प्रत्यक्ष जागेवर हे काम रात्रंदिवस चालतं आणि जीव टांगणीला लागतो. एका विहिरीवर रात्री अडीचला दाबाची रेघ पडद्यावर सरळ वर चढताना मी पाहिली आहे. वाळू चिरेच्या तोंडाशी अडकली होती. आम्ही त्याला स्क्रीनआउट म्हणतो. पंप थांबवले तोपर्यंत नळीत शेकडो मीटर वाळूचा खांब उभा होता. तो उपसायला चार दिवस लागले, आणि तो थर आमच्या हातून गेला तो गेलाच. वाळू वाढवा म्हणणाऱ्यांत मीही होते.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. राजस्थानात बाडमेर भागात रागेश्वरी नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथला घट्ट वायू वाळूच्या दगडाबरोबर ज्वालामुखीच्या खडकातही आहे, बेसॉल्टमध्येसुद्धा! जो तुमच्या वावराखाली आहे, ज्यावर नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला उभा आहे, त्याच जातीच्या काळ्या पाषाणात. तिथं अशाच चिरा पाडून तो बाहेर काढतात. म्हणून तुमच्या वावराखाली वायू आहे असं मात्र समजू नका. बाडमेरला शेजारी वायू तयार करणारा सेंद्रिय गाळाचा खडक होता, वरून झाकण होतं. नुसत्या पाषाणानं काही होत नाही.

वायू काढण्यासाठी अमेरिकेत अणुबॉम्ब फोडले होते, असं वाचलं. खरं आहे का?
– एक वाचक, वर्धा

खरं आहे. १० डिसेंबर १९६७ रोजी न्यू मेक्सिकोत सुमारे १,३०० मीटर खोलीवर २९ किलोटनांचा स्फोट केला. प्रकल्पाचं नाव गॅसबगी. दगड घट्ट आहे ना, मग एकदाच भुगा करू, असा विचार. १९६९ मध्ये कोलोरॅडोत रुलिसन इथं ४० किलोटनांचा झाला, आणि १९७३ मध्ये त्याच राज्यात रिओ ब्लँको इथं एकाच विहिरीत तीन स्फोट एकदम. वायू आलाही. पण त्यात ट्रिटियम होतं, किरणोत्सारी. घरातल्या शेगडीवर असला वायू कोण पेटवणार? तो विकता आला नाही, आणि हा मार्ग तिथंच संपला. तरुणपणी या प्रकल्पांचे अहवाल वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. गणितं सगळी नीट केलेली होती. वायू शेवटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार आहे, एवढंच त्यांत कुठे धरलेलं नव्हतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे टँकर येतात. दगड फोडायला एवढं पाणी ओतणं बरोबर आहे का? आणि त्यानं भूकंप होतात हे खरं का?
– एक गृहिणी, नरखेड

ताई, पाण्याची तुमची काळजी रास्त आहे, आणि मी तिला वळसा घालणार नाही. एका आडव्या शेल विहिरीला दहा ते वीस हजार घनमीटर पाणी सहज लागतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हजार ते दोन हजार टँकर. उभ्या टाइट गॅस विहिरीला याच्या खूप कमी, पण तेही थोडं नाही. जिथं बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत तिथं हे गोडं पाणी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खारं भूजल वापरता येतं, परत आलेलं पाणी पुन्हा वापरता येतं, शुद्ध केलेलं सांडपाणीही चालू शकतं. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातंच ना? खर्च वाढतो, हे खरं. तो खर्च धरून वायू परवडत नसेल, तर तो परवडत नाही असंच म्हणायला हवं.

तीन किलोमीटर खालची चीर आपल्या विहिरींच्या पाण्यापर्यंत येण्याची भीती मला वाटत नाही, मधे फार खडक आहे. मला धास्ती असते ती केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या, बाहेरचं सिमेंट कच्चं राहण्याची, आणि वर आलेलं खारट, रसायनांचं पाणी उघड्या खड्ड्यात सोडून देण्याची. या दोन्ही जागी माणसाची टाळाटाळ चालते. गावकऱ्यांनी प्रश्न विचारायचे ते इथं.

भूकंपही खरे. इंग्लंडमध्ये लँकेशायरला फ्रॅकिंगमुळे, म्हणजे अशा चिरा पाडण्यामुळे, २०१९ साली २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि तिथल्या सरकारनं काम थांबवलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात २०१६ साली ५.८ चा झाला, पण त्याचं कारण चिरा पाडणं नव्हतं. तेल-वायूबरोबर वर आलेलं सांडपाणी वर्षानुवर्षं खोल जमिनीत दाबून भरलं, त्यानं जुनी भेग सरकली.

नागपूरच्या आसपास कोळसा आहे, तर वायूही असेल ना?
– काही वाचक, कन्हान, उमरेड आणि सावनेर

कोळशात मिथेन असतो. तो फटींत कमी आणि कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून जास्त. खाणीतल्या माणसांना तो शत्रू म्हणून ठाऊक आहे. नियमांनुसार टनामागे एक घनमीटरपेक्षा कमी वायू सुटणारी खाण पहिल्या श्रेणीची, एक ते दहा दुसऱ्या आणि दहाच्या वर तिसऱ्या. वायू काढायचा तर कोळशातलं पाणी आधी महिनोन्महिने उपसावं लागतं. दाब उतरला की मग मिथेन सुटतो. पश्चिम बंगालमध्ये राणीगंजला २००७ पासून असं व्यापारी उत्पादन चालू आहे, आणि मध्य प्रदेशात शहडोलकडच्या सोहागपूरला २०१७ पासून. राणीगंज पट्ट्यातच इच्छापूरला २०११ साली भारतात पहिल्यांदा शेलमधून वायू वर आला.

आपल्याकडचा कोळसा कमी पक्व आहे, त्यात वायूही कमी. माझ्या शहराखाली वायू निघाला तर मला आनंदच होईल, पण तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. बाहेरून येणारा वायू मात्र वाहिनीनं येतो आहे, समृद्धी महामार्गाच्या कडेकडेनं.

आमच्या सिलिंडरमध्ये हाच वायू असतो का?
– पाच पत्रं

नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतो, दाबानं द्रव केलेला, हवेपेक्षा जड. तो गळला की जमिनीलगत साठतो. वाहिनीतला वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो. दोन्हींना मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. वास आला तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. आधी खिडक्या उघडा.

मॅडम, मी बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं आहे. पार्यता पुस्तकात वाचली, पण डोळ्यांपुढे येत नाही. काय करू?
– विद्यार्थिनी, दुसरं वर्ष, नागपूर

पुस्तक थोडा वेळ मिटून ठेव. पाच वस्तू जमव : एक भाजलेली वीट, कामठीच्या वालुकाश्माचा तुकडा, शहाबादी फरशीचा तुकडा, कुठल्याही बांधकामावरून बेसॉल्टची खडी, आणि जमल्यास घट्ट चिकणमातीचं वाळलेलं ढेकूळ. सगळ्या दोन दिवस उन्हात ठेव. मग ड्रॉपरनं प्रत्येकीवर एक-एक थेंब टाक आणि तो दिसेनासा व्हायला किती वेळ लागतो ते मोज. शेजारी काचेवरही एक थेंब ठेव, म्हणजे नुसत्या हवेनं किती सुकतं ते कळेल. सकाळी एकदा कर, दुपारी एकदा. नंतर ढेकूळ सोडून बाकीच्या वस्तू पाण्यात भिजवून, वरवर पुसून पुन्हा थेंब टाक, आणि भिजल्यावर काय बदलतं ते बघ. सगळ्या वेळा वहीत लिही, आणि वीट व वालुकाश्म यांत फरक का पडला याचा तुझा अंदाज मला कळव. मी माझ्या कोअरवर तोच प्रयोग करून आकडे तयार ठेवते.